मुंबईचे सुप्रीम कोर्ट बंद पडले तेव्हा

१ एप्रिल १८२९ रोजी मुंबईच्या कोटातील सुप्रीम कोर्टात न्यायासनावर एकच न्यायाधीश बसले होते, सर जॉन पीटर ग्रँट. राजाच्या सनदेप्रमाणे तिथे तीन न्यायाधीश असायला हवे होते. पण मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट आदल्या ऑगस्टमध्ये वारले होते आणि सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. त्या दिवशी ग्रँट यांनी एकही खटला चालवला नाही. कोर्टाचे सर्व विभाग बंद केल्याचे त्यांनी जाहीर केले. कोर्टाच्या हुकमांना मान दिला जाईल, ते बजावायला मदत मिळेल, अशी हमी मिळेपर्यंत आपण न्यायाधीशाचे कोणतेही काम करणार नाही, असे त्यांनी सांगितले.

संप गिरणीत होतो, बाजारात हरताळ पडतो. देशातल्या एका मोठ्या न्यायालयाने स्वतःच दार लावून घ्यावे, हा प्रकार मात्र विरळाच. त्यासाठी दंगल झालेली नव्हती, परचक्र आलेले नव्हते. कारण होते पुण्यातला चौदा वर्षांचा एक मुलगा आणि त्याला मुंबईत हजर करा असा एक कागद.

हा कागद सरकारला इतका का झोंबला हे कळायचे, तर त्या काळच्या मुंबई इलाख्याची घडण पाहावी लागते. या इलाख्यात दोन सत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या. मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजाचे न्यायालय होते. १७९८ मध्ये तिथे रेकॉर्डरचे कोर्ट सुरू झाले आणि १८२४ च्या मे महिन्यात त्याच्या जागी सुप्रीम कोर्ट आले. बेटावरचे रहिवासी त्याच्या अधिकारात होतेच, शिवाय इलाख्यात कुठेही राहणारे ब्रिटिश प्रजाजन आणि कंपनीचे नोकरही होते. बेटाबाहेर, म्हणजे ठाण्यापासून पुण्यापर्यंत आणि पुढे दख्खनभर, अदालती होत्या त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या. तिथे न्याय द्यायला बसणारे लोक कंपनीचे पगारी नोकर. गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल यांच्या हातात फौज, खजिना आणि पोलीस. राजाच्या न्यायाधीशांच्या हातात एक शेरीफ, त्याची मोजकी माणसे आणि शिक्का.

पहिले मुख्य न्यायाधीश वेस्ट हे साधे गृहस्थ नव्हते. जमिनीत भांडवल वाढवत गेले तरी उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही, हा सिद्धान्त त्यांनी १८१५ मध्येच एका निबंधात मांडला होता, रिकार्डोच्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्याही आधी. मुंबईत आल्यावर त्यांनी वकिलांना शिस्त लावली आणि काहींना निलंबित केले. बेटावरचे पोलीस मॅजिस्ट्रेट कायद्याचा आधार न बघता लोकांना फटके मारत आणि हद्दपार करत, त्यावर त्यांनी ग्रँड ज्युरीपुढे कडक शब्दांत बोट ठेवले. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. वर्तमानपत्रांवर परवान्याचे बंधन घालणारा नियम कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने १८२३ मध्ये नोंदवून घेतला. मुंबईच्या न्यायाधीशांनी मात्र तसाच नियम १८२६ मध्ये नाकारला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यासारख्या समंजस गव्हर्नरांशीही या कोर्टाचे खटके उडत राहिले. लेडी वेस्ट यांची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या मुंबईतल्या मेजवान्या, रुसवेफुगवे आणि गोटबाजी तिच्यात जागोजाग दिसते.

नोव्हेंबर १८२७ मध्ये सर जॉन माल्कम गव्हर्नर झाले. मराठी माणसाला हे नाव ओळखीचे आहे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती त्यांच्याच पुढे, आणि बाजीरावाला सालाना आठ लाखांचा तनखाही त्यांनीच कबूल केला. दख्खन त्यांनी घोड्यावरून पाहिले होते, सरदार-जहागीरदारांशी ते त्यांच्या बैठकीत बसून बोलले होते. पेशवाई जाऊन दहाच वर्षे झाली होती. जुन्या सरदारांचा मान राखायचा, त्यांना सामान्य अदालतीत ओढायचे नाही, असे एल्फिन्स्टन यांनी ठरवून दिले होते. या सरदारांचे तंटे पाहण्यासाठी वेगळा एजंटही नेमलेला होता. दख्खनमधली शांतता या शब्दावर टिकून आहे, असे माल्कम यांना मनापासून वाटे. तसे वाटण्याला आधारही होता.

त्या मुलाचे नाव मोरो रघुनाथ. तो पुण्यात आपले चुलत आजोबा पांडुरंग रामचंद्र यांच्याकडे राहत होता. पांडुरंगराव पेशव्यांच्या नात्यातले, पहिल्या दर्जाचे सरदार. १८२८ मध्ये मुलाच्या सासरच्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अर्ज आला. मुलाला त्याच्या मनाविरुद्ध अडकवून ठेवले आहे, त्याच्या जिवाला धोका आहे, असे त्यात म्हटले होते. कोर्टाने हेबियस कॉर्पसचे रिट काढले, म्हणजे पांडुरंगरावांनी मुलाला कोर्टात हजर करावे आणि त्याला कोणत्या अधिकाराने ठेवले आहे ते सांगावे. त्याच सुमारास दुसरे एक रिट ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावर निघाले. बापू गणेश नावाचा कैदी कंपनीच्या अदालतीच्या हुकमाने तिथे होता. त्याला ठेवण्याचा आधार काय, हे कोर्टाने विचारले.

दोन्ही कागद मुंबई बेटाबाहेर जाणारे होते. एक थेट पुण्याच्या सरदाराच्या वाड्यात, दुसरा कंपनीच्या तुरुंगात.

३ ऑक्टोबर १८२८ रोजी माल्कम आणि त्यांच्या कौन्सिलमधल्या सदस्यांनी न्यायाधीशांना एक पत्र धाडले. अशिलाने वकिलामार्फत मांडावा तसा तो अर्ज नव्हता. एका सत्तेने दुसऱ्या सत्तेला पाठवलेला तो खलिता होता. मुंबई बेटाबाहेर राहणाऱ्या एतद्देशीय लोकांवर आणि कंपनीच्या अदालतींच्या अधिकाऱ्यांवर काढलेल्या अशा रिटांना उत्तर देऊ नये, असा हुकूम आम्ही दिला आहे, असे त्यात कळवले होते. इंग्लंडहून निर्णय येईपर्यंत न्यायाधीशांनीही अशी रिटे काढू नयेत, अशी अपेक्षा त्यात होती.

चेंबर्स आणि ग्रँट यांनी ते पत्र खुल्या कोर्टात घेतले. चेंबर्स यांचे त्या दिवसाचे उत्तर मुंबईत बराच काळ बोलले जात होते. या भिंतींच्या आत देव आणि राजा सोडून आम्ही कोणालाही आपल्या वरचा मानत नाही, आणि कंपनी कितीही बलाढ्य असली तरी इथल्या सगळ्यात गरीब पक्षकारापेक्षा तिला तसूभरही जास्त मान मिळणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे बोलल्यावर आठवड्याभरात चेंबर्स वारले. ग्रँट एकटे उरले.

ग्रँट त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले होते. स्कॉटलंडमधली रोथीमर्कसची त्यांची वतनवाडी कर्जात बुडालेली होती, पूर्वी ते पार्लमेंटचे सदस्य होते. माणूस तापट. त्यांची मुलगी एलिझाबेथ हिने पुढे लिहिलेल्या आठवणींतूनही ते तसेच दिसतात. पण या प्रकरणात त्यांनी जे केले त्याला नुसता तापटपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. पांडुरंगरावांनी मुलाला हजर केले नाही. ग्रँट यांनी पुन्हा रिट काढले, मग दंडाचा धाक घालून पुन्हा काढले. शेरीफच्या माणसांना पुण्यात हुकूम बजावता यावा म्हणून त्यांनी सरकारकडे मदत मागितली. सरकारने नकार दिला. न्यायाधीशापुढे तेव्हा तीनच वाटा उरल्या. हुकूम मागे घ्यायचा, बजावला जात नाही हे माहीत असूनही पुढचे हुकूम काढत राहायचे, किंवा हे कोर्ट आता कोर्ट राहिलेले नाही असे उघड सांगायचे. ग्रँट यांनी तिसरी वाट धरली.

कलकत्त्यात पन्नास वर्षांपूर्वी याहून वाईट घडले होते. काशीजोड्याच्या राजावर तिथल्या सुप्रीम कोर्टाने १७७९ मध्ये हुकूम बजावला, तेव्हा वॉरन हेस्टिंग्ज यांच्या सरकारने शिपाई पाठवून शेरीफच्या माणसांनाच कैद केले. त्यानंतर १७८१ मध्ये पार्लमेंटने कायदा करून त्या कोर्टाचे अधिकार छाटले. मुंबईत बंदुका निघाल्या नाहीत. फक्त हात बांधून उभे राहणे झाले, आणि तेवढ्यानेच कोर्ट थांबले. अंमलबजावणी करणाऱ्याने नुसते अंग काढून घेतले की कोर्टाला मारायला हत्यार लागत नाही. मुंबईच्या प्रसंगाचे महत्त्व इथे आहे.

ग्रँट यांनी राजाकडे अर्ज पाठवला. जहाजे तेव्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात, एका पत्राला चार-पाच महिने लागत. पण माल्कम यांची खासगी पत्रे लंडनला आधीच पोचली होती. लंडनमधून कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलनबरो यांनी फेब्रुवारी १८२९ मध्ये त्यांना खासगी उत्तर धाडले. मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल जेम्स ड्यूअर यांना मुख्य न्यायाधीश नेमतो आहे आणि आणखी एक न्यायाधीश पाठवतो आहे, असे त्यात होते. मग ग्रँट दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये चालवलेल्या रानहत्तीसारखे होतील, असेही त्यांनी लिहिले. हे पत्र फुटले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. लंडनमध्ये गवगवा झाला, पार्लमेंटमध्येही एलनबरोंना त्याबद्दल ऐकून घ्यावे लागले. न्यायाधीशाची नेमणूक कशासाठी करायची, याबद्दल सत्तेवरचा माणूस खासगीत काय बोलतो, हे एवढ्या स्पष्ट शब्दांत क्वचितच बाहेर येते.

आता निकालाकडे. लंडनमध्ये राजाच्या वतीने अखेरचा निवाडा देणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने १८२९ मध्येच मत दिले आणि ते जवळजवळ पूर्णपणे सरकारच्या बाजूने गेले. दोन्ही रिटे काढणे चूक होते. सुप्रीम कोर्टाला असे रिट आपल्या स्थानिक हद्दीत राहणाऱ्यावर काढता येईल, किंवा हद्दीबाहेरच्या पण व्यक्तिशः त्याच्या अधिकाराखाली येणाऱ्यावर. पुण्याचे सरदार यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हते. कंपनीच्या अदालतीने तुरुंगात टाकलेल्या कैद्याला सोडवण्याचा अधिकारही या कोर्टाला नव्हता.

म्हणजे कायद्याच्या मुद्द्यावर माल्कम बरोबर ठरले, ग्रँट चुकले. या प्रकरणाकडे पाहताना बरेच जण इथेच थांबतात. तापट न्यायाधीश, शहाणा गव्हर्नर, लंडनचा कौल, संपला विषय. पण हेबियस कॉर्पसचे रिट हा अखेरचा निवाडा नसतो, तो प्रश्न असतो. ‘या माणसाला कोणत्या अधिकाराने ठेवले आहे?’ त्या प्रश्नाला रीतसर उत्तर देण्याची सोय रिटातच असते. पांडुरंगरावांच्या वकिलाला कोर्टात उभे राहून सांगता आले असते की मी तुमच्या हद्दीत राहत नाही, तुमचा माझ्यावर अधिकार नाही. ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्याला अदालतीचा हुकूम दाखवता आला असता. मुंबईच्या न्यायाधीशांनी तरीही ऐकले नसते, तर वर प्रिव्ही कौन्सिल होतेच. जे मत शेवटी मिळाले तेच त्या वाटेने मिळाले असते. मधल्या काळात कोर्ट चालू राहिले असते.

माल्कम यांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एकदा वकील उभा केला की अधिकार मान्य केल्यासारखे होते, आणि सरदारांच्या मनात धसका बसायला तेवढेही पुरेसे होते, ही त्यांची भीती काल्पनिक नव्हती. शेरीफचे शिपाई पुण्याच्या वाड्यात शिरले असते तर त्याचे पडसाद साताऱ्यापर्यंत गेले असते. पण हुकूम चुकीचा आहे हे ठरवण्याचा अधिकार माल्कम यांनी स्वतःकडे घेतला. तो एकदा घेतला की हुकूम बरोबर असताना तो पाळला जाईल, याची खात्री कोण देणार? पोलिसांच्या फटक्यांविरुद्ध वेस्ट यांनी कोर्टात बोट ठेवले होते, तेव्हाही सरकारला ते चुकीचेच वाटत होते.

मुंबईच्या लोकांना हा फरक समजत होता. वेस्ट वारल्यावर शहरातल्या एतद्देशीय प्रतिष्ठितांनी वर्गणी जमवली आणि त्यांच्या नावाने शिष्यवृत्त्या ठेवल्या. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘वेस्ट स्कॉलर’ हे पद मानाचे मानले जाई. गोऱ्या क्लबांत ज्याला हट्टी म्हणत, त्या न्यायाधीशासाठी काळ्या मुंबईने खिशात हात घातला. माल्कम यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलमध्ये उभा राहिला, चँट्री यांच्यासारख्या नामांकित शिल्पकाराने घडवलेला. दोन्ही स्मारके एकाच शहरात, एकाच काळातली.

ग्रँट यांना मुंबई सोडावी लागली. पुढे ते कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांचेच नाव लावणारा मुलगा बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध रयतेची बाजू ऐकून घेणारा अधिकारी म्हणून इतिहासात राहिला.

सुप्रीम कोर्ट आणि कंपनीची सदर अदालत ही दुफळी मिटली ती १८६२ मध्ये. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोन्ही मिळून मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले. तरी सरकारविरुद्ध रिट काढण्याचा व्यापक अधिकार बेटाबाहेर पोचायला संविधान यावे लागले. अनुच्छेद २२६ मुळे मुंबई उच्च न्यायालयाचे रिट आज पुण्यात, गडचिरोलीत आणि पणजीतही चालते. आणि अनुच्छेद १४४ सांगतो की देशातल्या सर्व मुलकी व न्यायिक प्राधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या साहाय्यार्थ काम करायचे आहे. ग्रँट यांनी गव्हर्नरकडे जी मदत मागितली, ती इथे कर्तव्य म्हणून लिहिली गेली.

लिहिले म्हणून पाळले जातेच असे नाही. पण रीतसर भांडण कसे असते, याचे एक अस्सल मराठी उदाहरण १९६५ मधले आहे. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचे विज्ञानाचे पुस्तक मराठीत लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्यायला शासनाने नकार दिला. उच्च न्यायालयाने ते त्यांच्या पत्नीकडे पाठवा असा आदेश दिला. शासनाला तो मान्य नव्हता. देशात आणीबाणी जाहीर झालेली होती, हातात हवे तेवढे अधिकार होते. तरी शासनाने ‘आम्ही हा आदेश पाळणार नाही’ असे पत्र धाडले नाही. ते सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले, आपले म्हणणे मांडले आणि हरले. स्थानबद्धाने पुस्तक लिहून छापायला पाठवू नये असे नियमात कुठेच नाही, असे न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांच्या पीठाने सांगितले. एवढ्याशा प्रकरणात राज्यव्यवस्थेची तब्येत जितकी चांगली दिसते, तितकी मोठमोठ्या समारंभांत दिसत नाही.

अकराच वर्षांनी, एप्रिल १९७६ मध्ये, चित्र उलटले. तेव्हाच्या नव्या आणीबाणीतल्या स्थानबद्धांना हेबियस कॉर्पस मागता येते, असे नागपूर खंडपीठासह देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक अशा मताने फेटाळले. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे. बहुमतात असलेल्या यशवंतराव चंद्रचूड यांचा तो निर्णय त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी, २०१७ मधल्या खासगीपणाच्या निकालात खोडून काढला. इथे सरकारने आदेश मोडला नव्हता. प्रश्न विचारण्याचा अधिकारच न्यायालयाने सोडून दिला होता. माल्कम यांनी जे पत्राने मागितले होते, ते या वेळी निकालाने मिळाले.

आदेश थेट डावलल्याचा दाखलाही महाराष्ट्राच्या खात्यात आहे. लाकडावर चालणाऱ्या उद्योगांना पूर्वपरवानगीशिवाय मुभा देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीच्या खटल्यात राज्यांना बजावले होते. महाराष्ट्रात ती दिली गेली. मे २००६ मध्ये न्यायालयाने तत्कालीन वनमंत्री, जे तेव्हाही मंत्रिमंडळात होते ते स्वरूपसिंह नाईक, आणि वनखात्याचे तेव्हाचे प्रधान सचिव अशोक खोत यांना अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सुनावली. पदावरच्या मंत्र्याला अशी शिक्षा होणे ही देशातली मोठी बातमी होती.

या मोठ्या नावांच्या खाली जिल्हा न्यायालयातला रोजचा व्यवहार आहे, आणि आदेश पाळणे म्हणजे काय हे खरे तर तिथे कळते. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हटले होते. आजही वीस वर्षे दावा चालवून ताब्याचा हुकूमनामा मिळवलेला माणूस पुन्हा दरखास्त दाखल करतो. ताबा वॉरंट निघते, नाझर ते बेलिफाकडे देतो. बेलिफ जागेवर जातो, दाराला कुलूप असते किंवा दहा माणसे आडवी उभी असतात. बेलिफ अडथळा झाल्याचा अहवाल लिहून परत येतो. मग हुकूमनामाधारक पोलीस बंदोबस्त मिळावा म्हणून अर्ज देतो, न्यायाधीश तो मंजूर करतात, पत्र ठाण्यात जाते. ग्रँट यांनी १८२९ मध्ये गव्हर्नरकडे नेमके हेच मागितले होते. तेव्हा उत्तर देणे गव्हर्नरच्या मर्जीवर होते. आता न्यायालयाचा आदेश आला की ठाणे अंमलदाराला माणसे द्यावी लागतात, आणि ती दिली नाहीत तर कारण सांगायला त्याला न्यायाधीशांपुढे उभे राहावे लागते.